जामिनाचा जामीन

कर्ज काढणारा एक, त्याला जामीन दुसरा आणि त्या जामिनालाही जामीन तिसरा, असा व्यवहार ऐकून आमच्या सुज्ञ वाचकांस कदाचित् हंसूं येईल. परंतु अमेरिकेंतील शहरांच्या कर्जरोख्यांचा व्यवहार कित्येक वर्षें असाच चालत आला आहे, आणि त्यांत गृहस्थाश्रमी माणसानें ध्यानांत घेण्याजोगें पुष्कळ आहे.

याज्ञवल्क्यस्मृतींत प्रतिभू, म्हणजे जामीन, तीन प्रकारचे सांगितले आहेत : ऋणकोस हजर करणारा, त्याच्याविषयीं विश्वास देणारा, आणि त्यानें न फेडल्यास स्वतः फेडणारा. यांपैकीं तिसऱ्याचें देणें त्याच्या पश्चात् पुत्रांवरही येई. अमेरिकेंत १९७१ सालीं निघालेली अम्बॅक कंपनी या तिसऱ्या प्रकारांतली. शहराला पाणी, रस्ते, शाळा यांसाठीं कर्ज हवें असे. कंपनी थोडें शुल्क घेऊन हमी देई कीं, शहरानें व्याज वा मुद्दल चुकविल्यास आम्ही तें ठरल्या दिवशीं भरूं. या हमीमुळें शहरास कमी व्याजानें पैसा मिळे. पुढें एकाच कंपनीवर फार भार पडूं नये म्हणून ती हमीचा कांहीं अंश व शुल्काचा वांटा दुसरीस देई. हाच पुनर्विमा. मात्र रोखेधारकाचा करार पहिल्या कंपनीशींच राही. दुसरी बुडाली तरी पहिलीचें देणें सुटत नसे.

व्यवस्था शहाणपणाची होती, कारण शहरें सहसा कर्ज बुडवीत नाहींत. पण अधिक शुल्काच्या लोभानें याच कंपन्यांनीं संशयित घरकर्जांवर उभारलेल्या रोख्यांसही हमी दिली. २००७-०८ सालीं तीं कर्जें थकलीं. पुनर्विमा करणाऱ्या कांहीं कंपन्यांनींही तोच भार वांटून घेतला होता. त्यामुळें जामीन व जामिनाचा जामीन दोघेही एकदमच डळमळले. फेब्रुवारी २००८ मध्यें वॉरन बफे यांनीं तीन कंपन्यांच्या सुमारें ८०० अब्ज डॉलरांच्या नगररोख्यांचा पुनर्विमा घेण्याची तयारी दाखविली. घरकर्जांचा मात्र नाहीं. धडधाकट भाग देऊन दुखणें तेवढें जवळ ठेवणें कंपन्यांस मानवलें नाहीं. अखेर २०१० सालीं अम्बॅकच्या मालक कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला.

यावरून विमाच निरर्थक, असें मात्र कोणीं समजूं नये. २०१३ सालीं डेट्रॉइट शहरानें दिवाळें काढलें, तेव्हां ज्यांच्या रोख्यांस सुदृढ कंपनीची हमी होती त्यांस पैसे मिळाले.

आपल्या पुणें महानगरपालिकेनेंही २०१७ सालीं पाणीपुरवठ्यासाठीं २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं. एकत्र कुटुंबांतील कर्त्या माणसाच्या हातीं स्वतःचीच नव्हे, तर वृद्ध आत्याबाईंचीही पुंजी असते. ती कोठेंही गुंतवितांना कर्ज कोणत्या उत्पन्नांतून फिटणार, हें प्रथम विचारावें. जामीन असल्यास त्यानें आणखी कोणाकोणाचें देणें अंगावर घेतलें आहे, हेंही विचारावें. पुनर्विम्यानें भार वांटला जातो, नाहींसा होत नाहीं. आणि वांटून घेणारे सर्व एकाच ओझ्याखालीं असतील, तर वांटल्याचा उपयोगही फारसा होत नाहीं.