निसर्गाचा दाखला देणाऱ्यांना

मैत्रिणींनो, परवा पुण्यातल्या एका सभेत आम्ही वस्तीतल्या पाळणाघराची मागणी मांडली. लगेच एक गृहस्थ उठले. "मुलांचं संगोपन निसर्गानंच बाईवर सोपवलंय. प्राण्यांत पाहा!" टाळ्या पडल्या. काही बायकांनीही वाजवल्या.

बरं, प्राण्यांतच पाहू. पुण्याच्या मासळी बाजारात उजनीची चिलापी येते. तिची मादी अंडी तोंडात बाळगते आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी राहते. गृहस्थ खूश होतील. पण शेजारच्या पाटीतली मरळ? तिथे अंड्यांची नि पिल्लांच्या थव्याची राखण आईबाप दोघं करतात. रोहू-कटला अंडी पाण्यात सोडून मोकळे. समुद्रघोड्याचा तर नरच पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवून जन्माला घालतो. पिल्लांची काळजी घेणाऱ्या हाडांच्या माशांत एकट्या बापानं राखण करण्याची रीतच सर्वांत जास्त आढळते.

यात बापाचा त्याग वगैरे काही नाही. अंडी पुष्कळदा शरीराबाहेर, नरानं अडवलेल्या जागेतच फळतात. जागा राखता राखता अंडीही राखली जातात. एकीची काय नि चौघींची काय, कष्ट साधारण तेवढेच. मादी मात्र खाऊन मोठी झाली तर पुढच्या खेपेला जास्त अंडी घालते, म्हणून अडकून पडणं तिला महागात जातं. परिस्थिती वेगळी, की वाटणी वेगळी.

पण मला समुद्रघोड्याची आरती ओवाळायची नाही. डासांसाठी हौदात सोडतात त्या गप्पी माशांचे नर मादीची इच्छा नसतानाही तिच्यावर जबरदस्ती करतात. उद्या कोणी त्याचाही दाखला देईल! चष्मा लावताना, मोटारीत बसताना या मंडळींना निसर्ग आठवत नाही. बाळाचे लंगोट धुवायची वेळ आली की बरोबर आठवतो.

२०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. बापाच्या रजेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. घरोघर धुणीभांडी करणाऱ्या आमच्या बायका तर त्या कायद्यात बसतच नव्हत्या. त्यांचं तान्हं आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं, आणि तिची शाळा बुडते.

माझ्या शेजारी अशीच एक बाई बसली होती. तिनं विचारलं, "दादा, तुमच्या नातवाला दिवसा कोण बघतं?"

"मावशी येतात ना कामाला," ते म्हणाले.

"आणि त्या मावशीच्या पोराला?"

ते खाली बसले. अर्जावर सह्या अजून चालू आहेत.