ढोलकीवाल्याचे नाव काय?



आवडता गायक कोण, हा विषय आमच्या लोह्याच्या वस्तीत निघाला की रात्र पुरत नाही. कोणी प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्या खड्या आवाजाला पहिला नंबर देतो, कोणी शाहीर विठ्ठल उमपांना. उमप तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावर असतानाच कोसळले आणि त्यातच गेले.

माझे मत विचाराल तर पहिला मान वामनदादा कर्डकांचा. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला आणि गावोगाव गात फिरला. त्यांचे शब्द शेतात खुरपणाऱ्या बाईलाही ऐकता ऐकता पाठ होतात. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. म्हणून २००४ साली दादा गेले, तरी नाव गाण्यातच राहिले. आजच्या गायिकांत मला कडूबाई खरात आवडतात. त्यांची एकतारी त्यांच्याच हातात असते; गाणे आणि साथ एकाच घरची!

माझा कॉलेजात जाणारा मुलगा मात्र गिटारवाला. मुंबईच्या कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज' बँडची गाणी तो मोबाईलवर ऐकतो. मी नाक मुरडत असे. एकदा तो म्हणाला, "पप्पा, मला आवडणाऱ्या बँडमध्ये गिटार कोण वाजवतो, ड्रम कोण, हे मला तोंडपाठ आहे. तुमच्या आवडत्या गाण्यांत ढोलकी कोणाची, बेंजो कोणाचा, सांगा बरं!"

मला एकही नाव सांगता आले नाही. घरातल्या जुन्या कॅसेटी काढून पाहिल्या. कव्हरवर गायकाचा फोटो, आत गीतकार-संगीतकाराचे नाव. वाजवणाऱ्यांचे कोठेच नाही.

आणि मग मागच्या भीमजयंतीची रात्र आठवली. मी समितीचा चिटणीस. बी.कॉम. झालेला कारकून म्हणून हिशेबही माझ्याकडेच. मंडपवाल्याच्या व्हाउचरवर त्याचे पूर्ण नाव लिहिले, गायकाचेही लिहिले. पुढच्यावर लिहिले, 'ढोलकीवाला, रुपये ५००'. सहीला मामा आले. चाळीस वर्षे वस्तीत ढोलकी वाजवणारे मामा. कागद पाहून हळूच म्हणाले, "मला बी नाव हाय की, भाऊ."

कचेरीत नावाशिवाय एकही व्हाउचर मी पुढे सरकू देत नाही. येथे मात्र बिनदिक्कत लिहून मोकळा झालो होतो! आपल्या वाडवडिलांना गाव नावाने नव्हे, कामाने आणि जातीने हाक मारी. ती रीत मोडण्यासाठी बाबासाहेब झिजले. आणि आपल्याच स्टेजवर आपण "ए ढोलकीवाला" म्हणतो!

गायक श्वास घेतो, तेव्हा बेंजोवालाच चाल सांभाळतो. टाईपरायटरसारखी बटणे एका हाताने दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. अंतरा संपताना ढोलकीवर थाप पडते, तेव्हा कोरसला कळते की आता धृपद उचलायचे. ही माणसे नसती तर गाणे वस्तीपर्यंत पोहोचलेच नसते. आता तर डीजे आला. त्याच्या दणक्यात शब्दही ऐकू येत नाहीत आणि या माणसांची रोजीही बुडते.

म्हणून समाजबांधवांना विनंती. येत्या १४ एप्रिलला पाहुण्यांचे सत्कार थोडे आवरते घ्या. आधी गीतकाराचे, मग गायकाचे आणि मग साथीदारांचे पूर्ण नाव माईकवरून सांगा. मानधनाचे व्हाउचर नावानिशी करा आणि पैसे त्याच रात्री द्या. "नंतर बघू" नको.

हा मजकूर लिहिण्याआधी मामांकडे गेलो. चूक कबूल केली आणि विचारले, "पेपरात तुमचे नाव छापू का?"

मामा हसले. म्हणाले, "पेपरात नगं. माईकवरून घ्या. नातवंडं ऐकतील."

जयभीम!