आरोपी मुलगा की कळफलक?

जत्रेच्या आदल्या सायंकाळी आमच्या परिचयाच्या एका देवस्थानाच्या सभामंडपात एक चित्रफीत दाखविण्यात आली. पौषातल्या धालोंची गीते ज्यांच्या मुखी अजून शाबूत आहेत अशा गावातील वृद्ध स्त्रियांचे गायन तीत संग्रहित केले होते. चित्रीकरण आणि संपादन करणारा मुलगा महाजनांपैकीच एका घरातला, महाविद्यालयात शिकणारा. मोबदला म्हणून त्याने एक नारळही घेतलेला नव्हता. फीत उत्तम चालली होती. इतक्यात एका आजींचा चेहरा पडद्यावर आला, खाली 'सौ.' या उपपदासह त्यांचे नाव उमटले, त्यांनी हसून हात जोडले, आणि चित्र पुढे गेले. त्यांचे गाणे आलेच नाही. इतर सर्वजणी गायल्या. या बाईंनी तेवढा नमस्कार केला. आपल्या मंडळींत मानपानाचा हिशेब किती बारीक असतो हे वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. ते कुटुंब तीर्थप्रसाद न घेता उठून गेले.

पुढे समितीची बैठक झाली. 'भुरग्याक कितें कळटा?' असे कोणी म्हणाले, कोणी निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, आणि एका सद्गृहस्थांनी तर जुन्या वैराचा वास काढला. मुलाला कामावरून दूर केल्याची नोंद इतिवृत्तात झाली. मुलाचे म्हणणे एवढेच होते की, 'मी ते गाणे कापले नाही.' त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. कारण गाणे नव्हते, आणि संगणकाला त्याच्यावाचून कोणी हात लावला नव्हता.

आम्हांस वकिलीच्या खोडीमुळे स्वस्थ बसवेना. आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन त्या संगणकापुढे रीतसर पंचनामाच केला म्हणा ना! नाव लिहिण्याचा प्रसंग त्याला जसाच्या तसा पुन्हा करावयास लावला. संपादनाच्या कालरेषेवर, जेथे ते गाणे संपून बाई हात जोडतात, तेथे त्याने चित्र थांबविले. मग मजकुराच्या चौकटीवर टिचकी मारली आणि 'सौ' लिहिले. पडद्यावर एकही अक्षर उठले नाही. 'त्या दिवशीही असेच झाले होते,' तो म्हणाला, 'म्हणून मी पुन्हा दोनदा टिचकी मारून लिहिले, तेव्हा उमटले.' आम्ही कालरेषेकडे पाहिले. त्या बाईंचे गाणे नाहीसे झाले होते!

घडले होते ते असे. पहिल्या टिचकीने चौकट नुसती निवडली गेली, लिहिण्यास उघडली नाही. मराठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'स' हा इंग्रजी एम्‌च्या कळेवर आहे आणि औकाराची मात्रा क्यूच्या. लिहिण्याची चौकट उघडलेली नसेल तेव्हा त्या कार्यक्रमात एम्‌ म्हणजे 'येथे खूण कर', आणि क्यू म्हणजे 'मागच्या जोडापासून इथपर्यंतचा भाग काढून टाक आणि भोक बुजवून घे'. मुलाने लिहिले 'सौ'. यंत्राने वाचले 'खूण कर आणि काप'. भोक बुजले, पडद्यावर बाईंची तीच हसरी मुद्रा राहिली, मग संशय यावा कशाने? मूळच्या फितीच्या कालरेषेवरही कोणी न मागितलेली ती खूण अद्याप पडलेली आम्हांस आढळली. याहून बोलका पुरावा आम्ही न्यायालयातही क्वचित पाहिला आहे.

आता आमचा प्रश्न असा : येथे आज्ञा कोणी दिली? १८७२ च्या करार कायद्याचे १३ वे कलम सांगते की, दोन व्यक्ती एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देतील तेव्हाच संमती झाली. मुलाचा अर्थ एक, यंत्राचा दुसरा, आणि अर्थ बदलल्याची सूचना मुलाला कोणी दिली? पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ नव्हती, एवढीच! माणसाने नसलेली वस्तू पाहावी आणि तीवरून सावध व्हावे, ही अपेक्षा शहाण्या माणसाने करावी काय?

यात नवे काहीच नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात 'ब्राव्हो' नावाचा लेखनकार्यक्रम होता. त्याची कथा या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लिहिण्याची अवस्था चालू नसता कोणी 'एडिट' हा शब्द टंकित केला, तर ई या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, डीने पुसला जाई, आयने लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि शेवटी कोऱ्या पानावर एकटा टी उमटे. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध जन्मभर झुंज दिली. आपल्या मोटारीच्या पाटीवर त्यांनी 'नो मोड्स' ही अक्षरे मिरविली. २०२० मध्ये ते वारले. पन्नास वर्षांपूर्वीचा तो धडा संपादनाचे कार्यक्रम विकणाऱ्यांनी वाचलाच नसेल असे आम्हांस वाटत नाही. वाचला, आणि बाजूस ठेवला.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळीत नाही. दिवसाकाठी शेकडो काप करणाऱ्या व्यावसायिकाचा एक हात कळफलकावर आणि दुसरा माऊसवर असतो; जेने मागे, केने थांबा, एलने पुढे, ही त्रयी त्याच्या बोटांत मुरलेली असते. त्याला प्रत्येक आज्ञेसाठी दोन-दोन कळा दाबावयास लावणे म्हणजे जुलूमच. मान्य! पण कार्यक्रम विकताना 'घरोघरी, कोणालाही' असे म्हणून विकावयाचा आणि अपघात झाला की 'हा कसलेल्यांसाठी आहे' म्हणावयाचे, हे दुटप्पी बोलणे आम्ही चालू देणार नाही. शिवाय मराठी-कोंकणी लिहिणाऱ्याचे दुःख त्या व्यावसायिकाच्या गावीही नाही. जे, के, एल या तीन कळांवर इन्स्क्रिप्टमध्ये र, क, त बसले आहेत. (जे, के, डी, एल ओळीने दाबल्यास 'रक्त' हा शब्द होतो, हा योगायोगच म्हणावयाचा.) इंग्रजी लिहिणाऱ्यास निदान आपण कोणती आज्ञा दिली हे मागाहून ताडता येते, कळेवर जे अक्षर छापले आहे तेच त्याने लिहिलेले असते. आमच्या मुलाने औकार दिला. औकारात क्यू कोठे शोधावयाचा?

उपाय अशक्य आहे असेही नव्हे. विश्वजालावरील पृष्ठांसाठी डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१८ साली जे सुगम्यतेचे निकष प्रसिद्ध केले, त्यांतील २.१.४ हे कलम नेमके याच विषयावर आहे : नुसत्या अक्षराने चालणारी आज्ञा असेल तर ती बंद करता यावी, किंवा बदलता यावी, किंवा त्या त्या घटकावर लक्ष असतानाच ती चालावी. हा नियम पृष्ठांचा आहे, संगणकावर बसविलेल्या कार्यक्रमांचा नाही, हे आम्ही जाणतो. पण जी सावधगिरी एका साध्या पृष्ठाकडून अपेक्षित आहे, ती हजारो रुपये घेणाऱ्या कार्यक्रमाकडून नसावी, याचे समर्थन आम्हांस कोणी करून दाखवावे. चौकट निवडलेली असता अक्षराची कळ दाबली गेली, तर 'लिहावयाचे आहे काय?' असे विचारण्यास यंत्राचे काय जाते?

तोवर आपल्या मुलांनी आपले रक्षण आपणच करावे लागेल. त्या मुलाने आता कार्यक्रमाच्या कळफलक-मांडणीत जाऊन क्यू आणि तिच्या शेजारची डब्ल्यू यांवरील कापण्याच्या आज्ञा काढून टाकल्या आहेत. लागतील तेव्हा त्या यादीतून निवडतो. नावे तो आधी साध्या टिपणवहीच्या कार्यक्रमात लिहून घेतो आणि लुकलुकती रेघ दिसल्यावाचून चिकटवीत नाही. गायनाच्या पट्ट्यांना त्याआधी कुलूप घालतो, म्हणजे चुकून आज्ञा गेलीच तरी त्या पट्ट्या हलत नाहीत. रोज संध्याकाळी कामाची वेगळी प्रत ठेवतो. हे सारे त्याला कोणी शिकविले नाही. गाणे गमावून तो शिकला.

सुदैवाने कापले गेले ते फक्त जुळणीतले गाणे. मूळ मुद्रण शाबूत होते. मुलाने ते पुन्हा जागी बसविले आणि आम्ही ती फीत घेऊन त्या आजींच्या घरी गेलो. त्यांनी ती दोनदा पाहिली, आणि तिसऱ्या कडव्यात आपला सूर उतरला होता अशी तक्रार केली. इतिवृत्तातील नोंद दुरुस्त करण्याविषयीचा आमचा अर्ज मात्र समितीकडे अजून पडून आहे.