नोटीस दिली आहे

मागच्या शनिवारी कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने जाहिरात टाकली. कास रोड, यवतेश्वरच्या पुढे, व्हॅली व्ह्यू, पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट. खाली लगेच सात-आठ अंगठे. पुण्यात कोथरूडला टू बीएचके घेऊन झाला की आपल्या पिढीला डोंगरावर एक झोपाळा टांगायचा असतो, त्याला माझी हरकत नाही. मलाही हवाय. म्हणून एजंटला विचारलं, एनए ऑर्डर आहे का? मंजूर लेआउट? पाच मिनिटांत उत्तर आलं, "सर बांधून टाका, नंतर रेग्युलराइज होतं."

खरं सांगू? मला एजंटचा राग आला नाही. तो खोटं बोलतच नव्हता!

आमच्या धंद्यात बग सापडला की टिकेट उघडतात. डेव्हलपर ते दुरुस्त करून 'रिझॉल्व्ड' करतो, पण बंद करत नाही. टेस्टर तपासतो, बग तिथेच असेल तर टिकेट परत उघडतं आणि सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांसमोर त्याची चर्चा होते. बेकायदा बांधकामाच्या तक्रारीला आपल्याकडे टेस्टरच नाही. नोटीस निघाली की तक्रार निकाली. बांधकाम पडलं का, थांबलं का, की वर अजून एक मजला चढला, हे बघायला कोणी येत नाही.

हे ऐकीव नाही. माझे काका निवृत्त शिक्षक, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतात (गावाचं नाव सांगत नाही, त्यांना तिथेच राहायचंय). शेजाऱ्याने सामासिक अंतर पूर्ण खाऊन तिसरा मजला चढवला, काकांच्या स्वयंपाकघराचा उजेड गेला. काकांनी रीतसर अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. अर्ज सकाळी अकराला दिला. संध्याकाळी सहाला शेजारी त्याच अर्जाची झेरॉक्स घेऊन दारात हजर. "सर, तुम्ही आमच्या पोराला शिकवलं, आणि हे काय?" काकू त्या दिवसापासून म्हणतायत, सोडून द्या. काकांनी सोडलं नाही, माहिती अधिकारात विचारलं. उत्तर एका ओळीचं: संबंधितास नोटीस दिली आहे, पुढील कार्यवाही सुरू आहे. पुढच्या वर्षी त्या मजल्याला घरपट्टी लागली. आता शेजारी पावती दाखवतो. कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, पण हे गल्लीत कोण कोणाला समजावणार?

मग मी रविवारी बसून कायदा वाचला. १९६६ चा एमआरटीपी कायदा. कलम ५३ प्रमाणे नोटीस द्यायची, मुदतीत काढलं नाही तर पालिकेने पाडायचं आणि खर्च मालकाकडून घ्यायचा. कागदावर झकास. पण त्याच कलमात मालकाला परवानगीचा अर्ज करायची सोय आहे, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस गोठते. चुकून झालेल्या चुकीसाठी ठेवलेली खिडकी. आता सगळी वर्दळ तिथूनच चालते. बरं, कलम ५२ खाली शिक्षा? तुरुंगवास आहे म्हणा, पण दंड ५,००० रुपयांपर्यंत, आणि पुढे रोजचे फार तर २००. कास रोडला फुलांच्या हंगामात एका रात्रीच्या खोलीचं बिल बघा आणि तुम्हीच हिशेब करा.

कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, साताऱ्याला पाणी तिथल्या तलावातून येतं, आणि त्या रस्त्यावरच्या विनापरवाना बांधकामांना नोटिसा गेल्याच्या बातम्या सातारकर वर्षानुवर्षं वाचतायत. ग्रामपंचायतीने नमुना आठला नोंद घातलेली, तहसीलने बिनशेतीचा दंड घेतलेला, नगररचनाचं म्हणणं की आमच्याकडे फाइलच आली नाही. तिघांकडेही आपापला कागद आहे. रिसॉर्ट चालू आहे.

याच डोंगराचं पाणी वेण्णा-उरमोडीतून कृष्णेला मिळतं आणि खाली सांगलीत येतं. तिथे पावसाळ्यात 'कसा आहेस' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती फूट?' विचारतात. धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५४ च्या आसपास गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला परत ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं उभ्या महाराष्ट्राला टीव्हीवरून पाठ झाली. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, हे पालिकेला माहीत नव्हतं असं म्हणता येईल का? नदीला मिळणारे ओत एका रात्रीत बुजत नाहीत. मुरमाचे डंपर दिवसाढवळ्या येतात, शेकड्यांनी येतात.

इथे एक बाजू मांडलीच पाहिजे. गुंठेवारीत घर घेणारा माणूस चोर नाही. मिरज-कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्याला मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडला नाही, म्हणून त्याने शेतकऱ्याकडून दोन गुंठे घेतले. २००१ चा गुंठेवारी कायदा त्याच्यासाठी आला आणि योग्यच आला. तारीख होती १ जानेवारी २००१. त्याच्या पुढे नाही, असं ठरलं होतं. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. वीस वर्षं एका फटक्यात माफ! पिंपरी-चिंचवडमध्ये बेकायदा बांधकामावरची दुप्पट शास्ती २०२३ ला माफ झाली. पण यात वाचला कोण? प्लॉट पाडून विकणारा केव्हाच पैसे घेऊन गेला. ज्याने रेषा बघायची होती तो अधिकारी बदलून गेला. पुरात गळ्याएवढ्या पाण्यात फ्रिज डोक्यावर घेऊन उभा राहिला तो दोन गुंठेवाला.

म्हणून मला बुलडोझरच्या फोटोंचं कौतुक नाही. घर उभं राहिल्यावर पाडणं ही क्रूर आणि महागडी टेस्टिंग आहे. पकडायचं ते जोत्याला, भराव टाकतानाच. १७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाणी जोडणी नाही आणि बँकेचं कर्जही नाही. एवढं एक जरी पाळलं तरी 'बांधून टाका' म्हणणारा एजंट अडकेल. आणि प्रत्येक नोटिशीचं स्टेटस, तारखेसकट, आज जागेवर काय उभं आहे त्या फोटोसकट वेबसाइटवर टाका. तक्रारदाराचं नाव मात्र झाका. हे सॉफ्टवेअर लिहायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. अवघड काही नाही त्यात.

काकांचा आवक क्रमांक माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे, सोमवारी लंच ब्रेकमध्ये परत फोन करणार आहे. ग्रुपवर मी पूररेषा, एनए, लेआउट वगैरे सगळं लिहिलं. दोघांनी 'बाबा, वीकेंडला तरी सोड' म्हटलं. तिघांनी आज सकाळी टोकन भरलं.