चाकावरची ताकद ही इंजिनाची ताकद नव्हे

संपादक महोदय,

‘कंपन्यांचे अश्वशक्तीचे आकडे फुगवलेले’ हा तुमच्या लेखातला आरोप चुकीच्या मोजणीवर उभा आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत इंजिन थेट डायनोला, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडून मोजतात. लेखकाने रोलरवर चाकांची ताकद मोजली. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर वाटेत दहा-पंधरा टक्के सहज खातात.

शिवाय चाचणी बेलापुरात, ऐन मे महिन्यात, बॉनेट बंद ठेवून, एका लहान पंख्यापुढे! तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. म्हणून आकडा 25 अंश सेल्सिअस आणि 99 किलोपास्कल या स्थितीला दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखात त्याचा पत्ता नाही. एचपी आणि पीएस ही ताकदीची एककेही एकच धरलीत: 100 किलोवॅट म्हणजे 136 पीएस, पण 134 एचपी.

हवेच्या नोंदींसह आलेख छापा, मगच कंपन्यांना खोटे ठरवा.

— एक वाहन अभियंता, सीबीडी बेलापूर