प्रतिक्रियेची घाई कुणाची?

कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा व्हॉट्सॲप समूह सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडून पाहावा. गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ उमटून गेलेले असते. त्याखाली कुणा नेत्याच्या भाषणाचा वीस सेकंदांचा तुकडा येऊन पडतो, मागचे-पुढचे वाक्य कापलेला. काका अंगठा दाखवतात, आत्या हात जोडतात. कल दुसरीकडे असलेले आतोबा पाच मिनिटांत आपल्या नेत्याचा तसाच तुकडा टाकतात. तेवढ्यात पुतणी सगळ्या घराचा एआयने रंगवलेला फोटो पाठवते आणि दोन्ही नेते वर सरकून दिसेनासे होतात. दुपारी नव्या सिनेमाच्या टीझरवरून पुन्हा ठिणगी पडते. दिवस मावळेपर्यंत दहा जणांच्या त्या घराने राजकारण, तंत्रज्ञान आणि करमणूक या तिन्ही खात्यांवर आपले मत नोंदवलेले असते. भाषण पूर्ण ऐकलेला त्यात बहुधा एकही नसतो.

यावर शहाण्यांचा शेरा ठरलेला असतो. लोक बिनडोक झाले, ‘व्हॉट्सॲप विद्यापीठा’चे पदवीधर झाले, वगैरे. आम्हाला हा निष्कर्ष आळशी वाटतो. आलेला प्रत्येक मजकूर लोक खरा मानतात आणि म्हणून पुढे ढकलतात, हे गृहीतकच तपासून पाहायला हवे. आत्यांना विचारले तर त्या सरळ सांगतील, ‘खरे-खोटे देव जाणे, आला म्हणून पाठवला.’ लग्नात आहेराच्या पाकिटात किती घातले यापेक्षा वहीत नाव लागले की नाही याला जसे महत्त्व असते, तसाच हा प्रकार आहे. आपण आहोत, आपल्या माणसांत आहोत, आपल्याला अमुक गोष्टीचा राग येतो, एवढे कळवून आत्या मोकळ्या होतात. म्हणूनच ‘हे खोटे आहे’ असे सांगत एखादा भाचा पडताळणीचा दुवा चिकटवतो तेव्हा समूहात शांतता पसरते. त्याने मजकूर खोडला असे त्याला वाटते, पण इतरांच्या लेखी त्याने आत्यांना चारचौघांत खाली पाहायला लावलेले असते.

चालू घडामोडींवर शेरेबाजी करण्याची हौस मराठी माणसाला फोनने लावलेली नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या त्या-त्या काळच्या सरकारची टोपी उडवतच आला आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके त्या दिवसाच्या बातमीवर कोटी करत, आणि तेवढ्यासाठी लोक तोच वग पुन्हा बघायला जात. गणपतीतले देखावे हाही त्यातलाच प्रकार. 2022 साली कल्याणच्या एका मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा केला. पोलिसांनी तो उचलून नेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि काही भाग बदलून देखावा पुन्हा उभा राहिला. त्या प्रतिक्रियेमागे कार्यकर्त्यांच्या कित्येक रात्री, वर्गणीचे पैसे आणि कुणाच्या तरी हातचे लेखन होते. शिवाय मंडळाचा फलक बाहेर लावलेला होता. कुणाला जाब विचारायचा हे पोलिसांनाही ठाऊक होते आणि शेजाऱ्यांनाही.

मधल्या काळात बदलला तो वेग, आणि त्या वेगाला एक कारखाना आहे. फेसबुकने ‘लाइक’चे बटण 2009 मध्ये आणले. 2016 मध्ये त्याच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दाखवणारे चेहरे आले. वापरणाऱ्याला ही निव्वळ सोय वाटली. परंतु 2021 मध्ये कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले, तेव्हा कळले की 2017 पासून काही काळ या चेहऱ्यांना साध्या अंगठ्याच्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे एखादा मजकूर पाहून शंभर जण संतापले तर पाचशे जणांना तो आवडल्याइतका तो वर चढे आणि आणखी लोकांच्या पुढ्यात जाई. रागाचे वजन पुढे कमी-कमी करत 2020 मध्ये शून्यावर आणले गेले. पण तोवर पक्षांचे प्रचारप्रमुख, बातम्यांचे मथळे लिहिणारे आणि सिनेमांची जाहिरात करणारे सगळेच एक धडा शिकून बसले होते. समजावून सांगण्यापेक्षा चिडवणे स्वस्त पडते. आज भाषणाचा जो तुकडा आतोबांकडे येतो तो कुठे कापायचा हे ठरवण्याचे काम कुणाचा तरी पगारी उद्योग आहे.

या वेगाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात आधीच फोनाफोनी पसरले होते. गर्दीने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. त्या काळात देशभर असाच एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून पळ काढतात. मूळ चित्रफीत होती कराचीतली, मुलांची काळजी घ्या असे पालकांना सांगणारी. शेवटी ते दोघे परत येतात, मूल खाली ठेवतात आणि हातातला फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवटच कापला आणि उरलेला तुकडा भारताच्या गावोगावी खरा होऊन फिरला.

त्यानंतर झाले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा कशा ओळखाव्यात हे सांगितले. त्याचा उपयोग किती झाला याची शंकाच आहे. पण त्याच महिन्यात आणखी काही गोष्टी झाल्या. पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली, आणि भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी संदेश ढकलण्यावर बंदी आली. फोटो-व्हिडिओच्या शेजारचे झटपट ढकलण्याचे बटणही काढले गेले. जानेवारी 2019 पासून पाचची मर्यादा जगभर लागू झाली आणि या मर्यादेमुळे एकूण ढकलपत्रे पंचवीस टक्क्यांनी घटली असे कंपनीनेच सांगितले. करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल 2020 मध्ये, दुहेरी बाण असलेला म्हणजे बऱ्याच हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला, तेव्हा असे संदेश सत्तर टक्क्यांनी कमी झाले. हे आकडे कंपनीचे आहेत, ते सावधपणेच घ्यावेत. तरी त्यांचा रोख कळतो. लोक रातोरात सुज्ञ झाले नव्हते. फक्त प्रत्येक वेळी थोडा जास्त त्रास घ्यावा लागत होता, आणि पुष्कळ ढकलपत्रे तेवढ्या त्रासाच्याही लायकीची नव्हती.

त्याच एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले, हेही विसरता येणार नाही. मर्यादा आल्या तरी अफवा पसरतेच. त्या घटनेचे व्हिडिओ नंतर ज्या तऱ्हेने धर्माच्या फोडणीसह देशभर फिरले तेही फोनचेच काम होते.

करमणुकीच्या बाबतीत पणाला लागलेले कमी असते, म्हणून घाई उलट वाढते. लक्ष्मण उतेकर यांच्या ‘छावा’चा ट्रेलर जानेवारी 2025 मध्ये आला. त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि सिनेमा कुणी पाहण्याआधीच महाराष्ट्रात दोन तट पडले. राजाला असे नाचताना दाखवणे हा अवमान, असे एक म्हणत. लेझीम हा आपलाच मर्दानी खेळ, त्यात कमीपणा कसला, असे दुसरे विचारत. मंत्र्यांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शक राज ठाकरे यांना भेटले आणि काही दिवसांत ते दृश्य काढल्याचे जाहीर झाले. सिनेमा 14 फेब्रुवारीला लागला. ऐतिहासिक व्यक्तिरेखा कशी रंगवावी हा गंभीर प्रश्न आहे आणि संभाजी महाराजांच्या चित्रणावर मराठी नाटक-कादंबऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेले आहेत. पण यावेळी तो काही सेकंदांच्या चित्रावर निकाली निघाला. सबंध सिनेमात त्या दृश्याला काही अर्थ होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मग त्वरित प्रतिक्रिया सरसकट वाईट म्हणायची काय? तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा त्याच वर्षीचा आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची करणारा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 रोजी निघाला. ओरड झाल्यावर 17 जूनला सुधारित निर्णय आला. सक्ती हा शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी ती मागावी, अशी अट आली. या वेळी समूहांवर फिरत होती ती शासन निर्णयाची मूळ पीडीएफ. त्या वीसच्या अटीभोवती लाल रेघ मारून लोक ती पुढे पाठवत होते. शिक्षकांनी, पालकांनी, भाषातज्ज्ञांनी मजकूर वाचून हरकती घेतल्या. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले, ते या लाटेवर स्वार होऊन. हिंदीच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात, आमच्या वाचकांतही आहेत. पण ते ढकलपत्र सोबत मूळ कागद घेऊन फिरत होते, त्यामुळे ते वाचून कुणालाही उलट बाजू मांडता येत होती.

मूळ कागदच नसतो तेव्हा काय, हा प्रश्न आता एआयने उभा केला आहे. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची तारीफ करताना दिसले. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, बोलणे दुसऱ्याचे. हा आपण नव्हेच, असे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये अंतरिम आदेश दिला. अरिजित सिंग यांना तसाच दिलासा त्याच्या वर्षभर आधी मिळाला होता. ज्यांचे नाव मोठे आणि वकील चांगले, त्यांच्यापुरता हा मार्ग खुला आहे. एखाद्या नगरसेविकेचा किंवा कॉलेजातल्या मुलीचा असा व्हिडिओ निघाला तर ती न्यायालयाची पायरी चढेपर्यंत तो तिच्या गल्लीत पोचलेला असतो.

मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीवर ‘जिब्ली’ शैलीतले फोटो बनवण्याची लाट आली, तेव्हा लग्नाचे अल्बम, वारीचे फोटो, नेत्यांच्या तसबिरी सगळे त्या मऊ रंगांत न्हाऊन निघाले. केंद्र सरकारच्या ‘मायगव्ह’ खात्यानेही पंतप्रधानांची तशी चित्रे टाकली. ज्या जपानी स्टुडिओची ही शैली, तिथे ‘द विंड रायझेस’ या सिनेमातल्या गर्दीच्या चार सेकंदांच्या दृश्यासाठी एका चित्रकाराने सव्वा वर्ष खर्ची घातले होते. पुतणीने कुटुंबाचा फोटो रंगवला यात गुन्हा काही नाही, घरात सगळे खूशच झाले. एवढेच की त्या खेळात काही कोटी लोकांनी आपापल्या घरच्यांचे चेहरे एका परदेशी कंपनीच्या हवाली केले, आणि त्यावर ‘का?’ अशी प्रतिक्रिया क्वचितच कुठे उमटली.

यातून वाट काढण्याचे ओझे आपल्याकडे सवयीने सगळ्यांत खालच्या माणसावर टाकले जाते. निवडणूक किंवा सण आला की पोलीस ठाण्यांतून सूचना निघते, आक्षेपार्ह मजकुराला समूहाचा ॲडमिन जबाबदार राहील. वास्तविक, सदस्याच्या संदेशाबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्येच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा पहिला जनक शोधून देण्याची सक्ती कंपन्यांवर केली. त्याने सगळ्यांच्याच खासगी संभाषणाचे कुलूप मोडेल, असे म्हणत व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलण्याजोगे आहे. मात्र संदेश कुणी लिहिला हे शोधण्याआधी तो किती वेगाने पळू द्यायचा हा प्रश्न येतो, आणि त्याची कळ कंपनीच्या हाती आहे. 2018 मध्ये ती एका महिन्यात फिरवता आली. त्यासाठी पाच माणसे मरावी लागली.

सध्या ती कळ उलट दिशेने फिरते आहे. सप्टेंबर 2023 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात ‘चॅनल’ सुरू केले आणि पंतप्रधानांपासून आमदारांपर्यंत सगळे तिथे जाऊन बसले. पाच ठिकाणांची मर्यादा आतोबांना आहे; चॅनलवरचा एक संदेश मात्र सगळ्या अनुयायांपर्यंत एका फटक्यात जातो. नेत्याने रस्त्याच्या उद्घाटनाचा फोटो टाकला तर खाली अंगठा, बदाम किंवा जोडलेले हात दाबता येतात आणि त्यांची बेरीज झळकते. त्याच रस्त्यावर पहिल्या पावसात पडलेल्या खड्ड्याबद्दल त्या फोटोखाली चार ओळी लिहायला जागा नाही. ज्यांना मते मागायची आहेत, त्यांना आपल्या चॅनलवर मतदाराचे लेखी उत्तर घ्यायला लावावे, ही मागणी या वर्षी कुठल्या तरी पक्षाच्या सभेत उभे राहून करून पाहायला हरकत नाही.