चष्मा बदलूनही बाजूचे दिसत नसेल तर...

“समोरचे नीट दिसते डॉक्टर, पण बाजूने आलेली गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटते.” पुण्यात दुचाकी चालवणारा कोणी असे म्हणाला, तर आपण वाहतुकीला दोष देऊन मोकळे होतो. ओपीडीत मी मात्र पुढचे प्रश्न विचारतो. सतत थकवा येतो का? थंडी जास्त वाजते का? स्त्री असेल, तर पाळी अवेळी थांबली का?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. थायरॉइड, अधिवृक्क आणि प्रजननग्रंथी तिच्याच हुकमाने चालतात. तिच्या थोडे वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि त्यांतले निम्मे तंतू बाजू बदलतात. ग्रंथीत गाठ वाढली, की निरोगी पेशी दबून संप्रेरके कमी पडतात. गाठ वर सरकली, की त्या चौकावर दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. समोरची अक्षरे बरेच दिवस वाचता येतात. म्हणून नुसत्या तक्त्यावर हा आजार निसटतो.

गाठ नसतानाही ही ग्रंथी निकामी होऊ शकते. बाळंतपणातील अतिरक्तस्राव आणि घोणस सापाचा दंश ही त्याची ओळखीची कारणे. तेव्हा बाजूची नजर शाबूत असते. पण थायरॉइड कमी पडल्याने पापण्या सुजतात, भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात, डोळे कोरडे पडतात.

उपचार आहेत. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठी बहुधा गोळ्यांनी आकसतात, इतर अनेक गाठी नाकावाटे काढता येतात. कमी पडलेली संप्रेरके औषधाने देता येतात. मात्र कॉर्टिसॉल कमी असेल, तर ते आधी आणि थायरॉइडची गोळी नंतर. हा क्रम चुकला, तर जिवावर बेतते. नसेवरचा दाब फार काळ राहिला, तर गेलेली नजर परत येईलच असे नाही.

म्हणून माझा आग्रह आहे, की प्रत्येक नेत्रशिबिरात तक्त्यासोबत एक मिनिट बोटांच्या तपासणीला द्यावे. रुग्णाने एक डोळा झाकून समोरच्याच्या नाकाकडे पाहायचे आणि बाजूने आत येणारे बोट केव्हा दिसते ते सांगायचे. मग दुसरा डोळा. याला ना यंत्र लागते ना पैसा. शंका आली, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, रक्तातील संप्रेरके आणि एमआरआय करावे.

आणि अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणे किंवा पापणी खाली पडणे असे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.